उलटा पीळ

"काय करलालीस, मावशी?"

शिवप्रसाद दारातच थबकला. महानंदामावशी मोरीपाशी पाटावर बसून तांब्याचे जुने पैसे चिंचेनं घासत होती. चार पैसे ताटलीत लखलखत पडले होते. पाचवा तिच्या बोटांत होता.

"तांबं हाय की रे. चिंच लावल्याबगर निघतंय व्हय?"

सकाळी गावाकडून केरबा शेतकरी एक डबी घेऊन आला होता. भूकंपानंतर गाव उठून माळावर गेलं आणि जुन्या जागेवर आता सोयाबीन पिकतं. तिथं, शिवप्रसादच्या आईवडिलांचं घर होतं त्याच जागी, केरबाच्या ट्रॅक्टरच्या फाळाला ती गंजून भुगा झालेली डबी लागली होती. आत हे पाच पैसे, हिरवेगार. मावशीनं फोन केला तेव्हा शिवप्रसाद क्लासवर दोनशे पोरांना केमिस्ट्री शिकवत होता. "हात लावू नको, मी येतो," एवढंच तो म्हणाला. आता हात लावायचा नाही म्हणजे चिंचही लावायची नाही, हे मावशीला कोण सांगणार? लातुरात डॉक्टर घडवायचे कारखाने निघाले, पण तांब्यापितळेचं शास्त्र अजून मोरीपाशीच आहे.

त्यानं पाचवा पैसा जवळजवळ हिसकावूनच घेतला. भोकाचा पैसा. एक बाजू घासून लाल झालेली, दुसरी अजून हिरवी. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. भूकंपात आईवडील गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता; मावशीनंच त्याला वाढवलं. आईचा एक फोटो नाही, लुगड्याची एक चिंधी नाही. त्या घरातलं काहीतरी पहिल्यांदाच हाती आलं होतं, आणि मावशीनं ते धुऊन टाकलं.

येताना त्यानं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं होतं. ते वाटीत ओतून त्यानं पैसा बुडवला आणि मऊ ब्रशनं नुसती माती सोडवू लागला.

"हिरवं काढायचं न्हाई, मावशी. पैसा कशाला टेकून पडला होता, ते त्याच्यावरच कळतंय."

माती सुटत गेली तशी हिरव्या थरात भोकापासून कडेपर्यंत एक बारीक, तिरपी नक्षी दिसू लागली. दोरा केव्हाच कुजून गेला होता. त्याचा पीळ तेवढा तांब्यावर उमटून राहिला होता.

"तुझा करदोडा हाय ह्यो," मावशी म्हणाली. "ह्योच पैसा तुझ्या कमरेला होता. दोरा तुटला म्हणून तुझ्या आईनं, उमीनं डबीत ठेवला असंल." मग तिनं वाटी उजेडात ओढली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "वळलाय बी उमीनंच. पीळ उलटा हाय."

"म्हणजे?"

"आपण उजव्या हातानं मांडीवर सूत वळतो, तर पीळ असा जातो." तिनं बोटानं हवेत रेघ ओढली. "तुझी आई डावरी. तिचा कायम उलटा. तुझी आज्जी लई चिडायची, डाव्या हाताचं घेऊ न्हाई म्हणायची. तर ही काय म्हणावी? 'आत्याबाई, पूजेला लिंग कुठल्या तळहातावर घेता?' इष्टलिंग तर डाव्याच तळहातावर घेत्यात की!"

मावशी खुदकन हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

शिवप्रसाद तिच्याकडे बघतच राहिला. आजवर आई म्हणजे 'लई गुणाची होती बघ', एवढंच त्याच्या वाट्याला आलं होतं. ती सासूला असं तोंडावर बोलायची, हे ऐकून त्याला फार आनंद झाला.

"हे कधी सांगितलं न्हाईस मला."

मावशीनं ताटलीतले चार पैसे उगीच इकडचे तिकडे केले.

"कसं सांगू? तू बी पाटीवर पेन्सिल डाव्या हातानंच धरायचास. शाळेत मार बसंल, लोक हसतील, म्हणून मी तुझा हात पदराला बांधून ठेवायची. तू रडायचास. उमीचं नाव काढलं असतं, तर मला ते जमलंच नसतं."

मग मावशीनं भोकाचा पैसा वाटीतून काढला, सुती फडक्यावर न घासता हळूच टिपला आणि त्याच्यापुढे धरला.

शिवप्रसादनं सवयीनं उजवा हात पुढे केला.

"तो न्हाई," मावशी म्हणाली. "दुसरा कर."