रोवेनाची साक्ष

ओहायोतल्या आमच्या नगरसभेत पोलिसांचा आपसातला रेडिओ, जो आजवर कुणालाही घरबसल्या ऐकता यायचा, तो लोकांसाठी बंद करायचा ठराव आला. पोलीसप्रमुखांनी रोवेनाला साक्षीला बोलावलं. गेल्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या धमक्यांमुळे तिनं पोलिसांना बोलावलं, तेव्हा त्याला ठाऊक नसलेला तिचा नवा पत्ता रेडिओवर सांगितला गेला. तो ऐकून नवरा पोलिसांआधी दारात पोचला. "निर्धास्त सांगा, बाई," प्रमुख मायेनं म्हणाले. रोवेना उठली. "पत्ते लपवा, आधीच लपवायला हवे होते." प्रमुखांनी मान डोलावली. "पण त्या दिवशीचं रेडिओवरचं बोलणं शेजाऱ्यानं रेकॉर्ड केलं. तुमचा शिपाई हसत म्हणतो, 'पुन्हा तीच? कॉफी संपवून निघतो.' मला तुम्ही सांगितलंत, गाडी रहदारीत अडकली! माझ्या आडून काय झाकताय, साहेब?" सभाध्यक्ष म्हणाले, "तुमची बोलायची तीन मिनिटं संपली." "त्या दुपारी बावीस मिनिटं मी एकटीनं दार दाबून धरलं होतं," रोवेना म्हणाली आणि बसली नाही.