गुण आला का?

सत्तर साली बाबांचा खांदा निखळला, हात वर होईना, तेव्हाही ते "बरं आहे" म्हणायचे. ऑपरेशन झाल्यावरही "बरं आहे." कलकत्त्यात आम्ही राहायचो तिथल्या, बालीगंजच्या डॉक्टर सेनगुप्तांची पंचाईत झाली, कारण त्यांचे बाकीचे पेशंट साध्या सर्दीवर अर्धा तास बोलत. "बौदी," ते आईला बंगालीत वहिनी म्हणत म्हणाले, "गुण आला नसेल तर पुन्हा कापावं लागेल. यांचं खरं कसं कळायचं?" आईने त्यांना पाडव्याला घरी बोलावलं. दुर्गापूजेच्या मांडववाल्याकडून आणलेल्या बांबूची गुढी बाबांनी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली आणि गच्चीच्या कठड्याला बांधली. समोरच्या खिडकीतल्या मासीमा म्हणाल्या, "एवढी चांगली साडी तांब्याखाली कशी वाळणार?" डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" "दुखतंय," बाबा म्हणाले. डॉक्टरांचा चेहरा उतरला. आईने मात्र श्रीखंडाची वाटी त्यांच्या हातात दिली. "गुण आला, डॉक्टर. लग्नानंतर आज पहिल्यांदा दुखतं म्हणून सांगितलं यांनी."