लाथ मारणारी गाडी

कशेळ्यात कुणाला अडीनडीला गाडी लागली, की श्रीपततात्या आपली जुनी मोटारसायकल आपणहून पुढं करायचे. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. गाडीला खोड मात्र एक होती. किक मारली की ती उलटी लाथ हाणायची.

बहिणीकडे आलेल्या चंदरनेही ती मागून घेतली आणि पहिल्याच किकला त्याचा घोटा निखळला. तात्या तेलाची वाटी घेऊन धावत आले. इतक्या हलक्या हाताने त्यांनी घोटा जाग्यावर बसवला, की चंदरला भरून आलं. असला देवमाणूस आणि त्याच्या नशिबी असली गाडी.

चंदरचं चौक गावी गॅरेज होतं. पाय बरा होताच त्याने गाडी तिथं नेली, ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि दिवसभर खपून टायमिंग असं जुळवलं, की हाताने किक दाबली तरी इंजिन सुरू व्हावं.

"तात्या, आता ही कुनाला लाथ मारायची नाय," गाडी अंगणात लावत तो म्हणाला.

तात्यांनी हाताने किक दाबली. गाडी मुकाट सुरू झाली आणि तात्यांचा चेहरा उतरला.

"पयल्यावानी करता येईल का रं?"

तेवढ्यात तात्यांची बायको पुतळाबाई बांबूच्या कामट्यांचा भारा घेऊन दारात आली.



"मंग ह्या हाडं बांदायच्या कामट्या चुलीत घालू का? गाडीच लाथ मारंना, तर हाडवैद्याच्या दारात आता येतंय कोन?"