जनीचं दार

नवे पैसे सुरू झाले त्या साली रेवसजवळच्या एका गावात जनीने माजघराला सागवानी दार बसवलं, आणि शेजारच्या मनुबाईच्या पोटात दुखायला लागलं. जनीचा नवरा मुंबईला गिरणीत होता, दर शनिवारी लाँचने घरी यायचा.

"गिरणीचा पगार हाय ना! आतल्या खोलीलापण सागवान लागतंय," असं मनुबाई विहिरीवर सगळ्यांना ऐकवायची. घरी तिला घास गोड लागेना. शेवटी तिने अबोला धरला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, कोंडाजीने, रावजी सुताराला बोलावलं.

"साधं आंब्याचं दार पंधरा रुपयांत व्हईल," रावजी म्हणाला.

"आणि जनीसारखं?" मनुबाईने विचारलं.

"त्याला साठ पडतील."

"साठ तर साठ! पण तिच्याहून जाड पायजे."

कोंडाजी पाणी आणायला आत गेला, तसा रावजी हळूच म्हणाला, "वयनी, जनीनं हातातली पाटली मोडून पैसे दिले. फळ्या जाड घ्यायला लावल्या, अडसर आतून बसवायला लावला. म्हणाली, नवरा पिऊन येतो, लाथा घालतो. कितीबी लाथा बसल्या तरी दार तुटता कामा न्हाय."



त्या शनिवारी लाँच धक्क्याला लागायच्या आधीच मनुबाई जनीच्या घरी गेली, आणि "आज माझ्याकडंच निजायचं" म्हणत तिला हाताला धरून घेऊन आली.