मोठी टिकली

डिंडोलीतल्या त्या खोलीत सकाळ छपराच्या पत्र्यातून शिरत असे. पत्र्याच्या भोकांतून उजेडाचे बारीक दांडे उतरत. एक पाण्याच्या माठावर, एक भिंतीवरच्या आरशावर. मग ते सावकाश सरकत, मांडणीवरची पितळी ताटे उजळत, धनश्रीच्या दुमडून ठेवलेल्या गोधडीवर क्षणभर थबकत. सर्वांत शेवटी तो उजेड योगराजच्या उघड्या पाठीवर येई. रात्रपाळी करून तो पालथा झोपलेला असे, आणि त्या उबेनेच त्याला जाग येई.

त्या दिवशी जाग आली तेव्हा धनश्री त्याला खेटून बसली होती. तिच्या कपाळावर टिकली नव्हती.

"टिकली कोठे गयी?"

"पडी गयी व्हई," ती म्हणाली आणि मूठ मिटून उठली.

बाहेर नळावर ती एक मूठ तशीच मिटलेली ठेवून दुसऱ्या हाताने त्याचे बनियान घासू लागली. "हाऊ तांबडा डाग निघतच नही."

"रंगना डाग शे. मी मिलमा काम करस, देऊळमा नही."

शेजारची शकू हसली. "डागनं जाऊ द्या, भाऊ. आज लायेल नही, पन तुमनी बायकोनी टिकली पहा. दर महिनाले मोठी व्हई ऱ्हायनी!"

धनश्रीही हसली. योगराजला मात्र हसता आले नाही.

टिकली मोठी होत होती, हे त्यानेही पाहिले होते. लग्नात ती मोहरीएवढी लावत असे. लोकेश गल्लीत राहायला आला आणि टिकली वाढू लागली. लोकेश लिंबायतला चामडीच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. त्याचे हात धुतलेले, गोरे, साबणाचा वास असलेले. इकडे दिवाळीपासून मिलमध्ये एकच निळी साडी छापली जात होती, आणि योगराजची नखे त्या निळाईने अशी माखली होती की बायकोसमोर जेवतानाही तो हात लपवी.

परवा कुडाआडून त्याने दोघांचे बोलणे ऐकले होते.

"तीळ अजून वाढला का, वहिनी?"

"हा. एक बाजूनी कड पसरी गयी."

"साधा तीळ असा बदलत नाही. लक्ष ठेवा."

धनश्रीचा तीळ गळ्याच्या हाडाखाली होता, चोळीच्या आत. जगात तो आपल्यालाच ठाऊक आहे, या एका गोष्टीचा योगराजला मूक अभिमान होता. दवाखान्याचे नाव निघाले तरी त्याच्या अंगावर काटा येई. प्लेगच्या साली इस्पितळात नेलेला त्याचा बाप परतला नव्हता. आणि ही दवाखान्यातल्या माणसाला अंगावरचे तीळ सांगत होती! त्याने काही विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि त्याला त्याचेच भय होते.

कपडे वाळत घालून ती मिटल्या मुठीने निघाली. तो मागोमाग गेला.

दवाखान्याचे दार अर्धवट उघडे होते. टेबलाच्या काचेवर तिची मोठी मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती, आणि लोकेश तिच्या कडेवरून हलकेच बोट फिरवत होता.

योगराजने त्याची कॉलर धरली. "हिना तीळ तुले कोणी दखाडा?"

"वहिनींचा?" लोकेश गोंधळला. त्याने सोडवून घेण्याची धडपडही केली नाही.

काचेवरची टिकली धनश्रीने नखाने सोडवली, योगराजच्या मागे आली आणि त्याचा सदरा वर केला. पाठीच्या फऱ्यावर तिचे बोट टेकले. तिथल्या तिळावर तिने टिकली धरली; तिळाची कड बाहेर उरली.

"तुम्हले सांगीसन काय फायदा? दवाखानानं नाव लिधं का ताटवरथीन उठतस," ती म्हणाली. "तुम्ही झोपेल ऱ्हातस तवय मोजस मी. आते ही टिकली बी पुरत नही."

"भाऊ," कॉलर अजून त्याच्या मुठीत असलेल्या लोकेशने हळूच विचारले, "त्यातून रक्त कधीपासून येतं?"

"रक्त नही. रंग शे तो."

बोलताना त्याला कॉलरवरची स्वतःची नखे दिसली. ती निळी होती. दिवाळीपासून मिलमध्ये लाल रंग चाललाच नव्हता.