खालचं लाल बटण

मिक्सर घूं घूं करत अडकला, जळका वास आला, आणि धम्मदीप बाहेरच्या खोलीतून असा धावत आला की बटण बंद करायलापण थांबला नाही, सरळ पिनच खेचली.

"अरे, शॉक लागंल ना!" त्याची आई वैजयंता ओरडली. "खोबरं जास्त झालं असंल, एवढंच."

दारात शेजारची चांदणी वाटी घेऊन उभी. आलं-लसूण वाटायचं होतं तिला. नवा मिक्सर आल्यापासून नवघर रोडच्या त्या बिल्डिंगमध्ये अख्ख्या मजल्याला काही ना काही वाटायचं होतं.

"जलने का स्मेल आला ना, आंटी?"

"काय नाय गं. नवीन हाय, येतो पयला पयला." वैजयंताने मिक्सर उलटा केला, खालचं लाल बटण शोधलं. "जुनापण असाच अडकायचा. आपला आपण बंद पडायचा, मग हे दाबलं की परत चालू. बघ."

दाबलं. टक् झालं नाही. तिने अंगठ्याने जोर लावला.

"घट्ट हाय जरा."

मिक्सर धम्मदीपच्याच कंपनीचा, दिवाळीला स्टाफला एकेक मिळालेला. तिथे तो बीओएम सांभाळतो, म्हणजे एका मिक्सरला काय काय लागतं, कुठून येतं, केवढ्याला पडतं, त्याची यादी, अगदी स्क्रूपर्यंत. मोटर तापली की करंट तोडणारा एक स्विच असतो, त्या लाल बटणामागे. नेमका तोच दिवाळीच्या तोंडावर मार्केटमध्ये मिळेना. फॅक्टरीतली लाइन बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्याचे बॉस निकेत सर त्याच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "स्विच काढ यादीतून. नुसती लाल टोपी टाक. गिऱ्हाईक उलटा करून बघतं, लाल दिसलं की झालं. कॉस्टपण खाली येईल."

त्याने स्विच काढला, टोपी टाकली, सेव्ह केलं आणि जेवायला गेला. डब्यात भेंडी होती. मग सगळा लॉट दुकानांत गेला, उरलेले स्टाफला.

"मी हा बदलून आणतो," तो म्हणाला.

"बदलून? माझ्या लेकानं बनवलाय म्हणून सगळ्यांना सांगितलंय मी!"

"मी नाही बनवत गं. मी यादी बनवतो."

"तेच ते." तिने थोडं खोबरं काढलं, झाकण दाबून बसवलं. "लाव पिन."

पिन अजून त्याच्या मुठीत होती, कोमट. आपण आता काहीतरी बोलणार, असं त्याला वाटलं. मग वाकून त्याने पिन लावली.

मिक्सर मस्त सुरू झाला. धम्मदीपने भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवलं ते ठेवलंच. खोबरं झालं, मिरच्या झाल्या, चांदणीचं आलं-लसूण झालं, हा तिथेच.

"भैया, मी दाबते ना," चांदणी हसली.

तो हलला नाही.

वैजयंताने त्याला कोपराने ढकललं. "हो की बाजूला. तू उभा राहिल्याबिगर चालत नाय का हा?"