बाईसाहेब अंडं देईनात

बाईसाहेबांनी आजही डॉक्टरीणबाईंच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. कॅल्शियमची सुई टोचायची म्हटली की हे ठरलेलंच.

बाईसाहेब म्हणजे संवर्धन केंद्रातली, पिंगळ्याच्या एका दुर्मिळ जातीची मादी. ही इवलीशी घुबडं समोरच्या डोंगरांखेरीज जगात कुठेच नव्हती, आणि आता डोंगरातही दिसेनाशी झाली होती. केंद्रात एकच जोडी उरली होती. नर, म्हणजे साहेब, दिवसभर फांदीवर रुबाबात बसून असत. अंडं मात्र होत नव्हतं.

दोष कुणाचा, यावर केंद्रात दुमत नव्हतं. संचालक म्हणत, बाईसाहेबांचा स्वभावच तिरसट. राखणदारकाका म्हणत, त्या नीट खात नाहीत. मग त्यांचा खुराक बदलला, घरटं बदललं, औषधं वाढली. साहेबांना कुणी बोटही लावलं नाही.

डॉक्टरीणबाईंचं घरीही फारसं वेगळं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सासूबाई मायाळू. मायेनेच रोज सकाळी कडूजहर चूर्ण पुढ्यात ठेवत आणि संपेपर्यंत हलत नसत. दवाखान्यातल्या तपासण्याही सुनेच्याच. नवरा सोबत जाई, पण बाहेर गाडीत पेपर वाचत बसे.

अशात एका दूरच्या विद्यापीठाने या पिंगळ्याच्या जनुकांची आणि प्रथिनांची सगळी माहिती इंटरनेटवर जगासाठी खुली केली. डॉक्टरीणबाई ती चहा पिता पिता चाळत होत्या. चाळता चाळता थबकल्या. जनुकाचा एक तुकडा फक्त मादीतच सापडत होता. या जातीत नर-मादी दिसायला हुबेहूब सारखे, आणि नेहमीची चाचणी यांच्यावर चालत नसे. त्यामुळे रुबाबात बसतो तो नर, असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं. त्यांनी दोघांचं एकेक पीस प्रयोगशाळेत पाठवलं.

तो तुकडा साहेबांमध्ये नव्हता. बाईसाहेबांमध्येही नव्हता.

संचालकांनी अहवाल दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, आता त्या सुया बंद करायला हरकत नसावी. डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्याशी जाऊन मनापासून माफी मागितली.

संध्याकाळी चहाला त्यांनी घरी सगळं रंगवून सांगितलं. नवरा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे त्या बिचाऱ्या पाखराला एवढे दिवस उगाच टोचलंत?"

"हो ना, आई. त्याच्यातच काहीतरी खोट आहे असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं."

सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि मुलाकडे वळल्या.

"उद्या रजा टाक. दवाखान्यात ही गाडीत बसेल, आत तू जायचं."